चपटी गाडी आणि लांबचा पंप

शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५, पांढुर्णा

हजर मंडळी: माझी नणंद सुलभाताई, निवृत्त शिक्षिका, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांचे यजमान वसंतराव, म्हणजे आमचे भाऊजी, सौसरच्या तहसील कचेरीतून निवृत्त. भाऊजींचे मित्र गजाननभाऊ, संत्र्यांचे व्यापारी, राहणार नदीपलीकडे सावरगावला. माझे यजमान श्रीकांत. आणि मी, अनघा. सामान: दोन बॅगा, एक मोजपट्टी आणि कमोडवर बसवायची प्लास्टिकची उंच बैठक. ही बैठक पुण्याहून नागपूरपर्यंत गाडीच्या वरच्या बर्थवर माझ्या उशाशी होती.

प्रवासाचं कारण सहलीचं नव्हतं. डिसेंबरात नागपूरला ताईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती. त्याआधी घर त्यांच्या सोयीचं करून द्यायचं काम मी अंगावर घेतलं होतं. सतरंज्या गोळा करणे, न्हाणीघरात दांडा बसवणे, खुर्ची उंच करणे अशी माझी यादी तयार होती. गाड्या आणि पेट्रोल या दोन गोष्टी त्या यादीत नव्हत्या.

भाऊजी नागपूर स्टेशनवर त्यांची गाडी घेऊन आले होते. जुनी, उंच, चौकोनी, करड्या रंगाची. आत चढताना पदर सावरावा लागतो. नागपूर सोडलं आणि माझ्या लक्षात आलं की पाहुण्यांना वाटेतली देवळं दाखवतात तसे भाऊजी पंप दाखवतात.

“हा पाह्य वहिनी. दिसायला चकाचक आहे, पण मशीनचा आकडा उड्या मारते. तो पलीकडचा, तिथं हवा चांगली मिळते, पेट्रोल नाही. आणि हा नवीन. नवीन पंपाले मी पाच वर्षं हात लावत नाही.”

सावनेरच्या पुढे एक रस्ता सरळ पांढुर्ण्याला जातो आणि एक सौसरला. आम्हाला पांढुर्ण्याला जायचं होतं. भाऊजींनी गाडी सौसरकडे वळवली.

“भाऊजी, वाट चुकलो का?” मी विचारलं.

“चुकलो कायले? पेट्रोल भरायचं आहे न.”

श्रीकांतनं मला कोपरानं ढोसलं. तेव्हा कळलं की भाऊजी पांढुर्ण्याला राहतात आणि पेट्रोल सौसरला भरतात. नोकरीत होते तेव्हापासून त्यांचा तो एकच पंप. निवृत्तीनंतर घर पांढुर्ण्याला बांधलं, पण पंप बदलला नाही. म्हणजे पेट्रोल आणायला जे पेट्रोल जळतं ते वेगळंच. मी त्याचा हिशोब मनात मांडायला घेतला, तर श्रीकांत हळूच म्हणाला, “नको. ताईनं करून पाहिला आहे. आठवडाभर अबोला होता.”

श्रीकांतचंही या बाबतीत स्वतःचं मत आहे. तो पुण्यात पंपावरचं महागातलं, इंजिन साफ ठेवणारं म्हणतात ते पेट्रोल भरतो आणि बाकीच्यांना अडाणी समजतो. नागपूर ओलांडलं की त्याची भाषा लगेच माहेरी जाते. “भाऊजी, तुम्ही साधं भरून राहिले, म्हणून गाडी खोकून राहिली,” असं त्यानं म्हटलं आणि पुढची सगळी वाट ऐकण्यासारखी झाली. कंपन्यांची नावं मी इथे लिहीत नाही. त्या घरात आजवर जेवढे वाद झाले ते या नावांवरूनच झाले आहेत.

पोचलो तर ताई ओट्याशी उंच स्टुलावर बसून पाटोड्या कापत होत्या. आमच्याकडे पाटवडी चटणीसारखी पानाच्या कडेला येते; इथे ती लाल रश्शात बुडालेली असते आणि जेवणाचा मुख्य मान तिचा असतो. दोन वाट्या रस्सा पिऊन माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा ताई समाधानानं म्हणाल्या, “आता आली तू पांढुर्ण्याले.”

जेवणानंतर मी यादी काढली आणि डॉक्टरांनी काय काय सांगितलं ते विचारलं.

“खाली बसायचं नाही. पाटावर नाही, बुटक्या सोफ्यावर नाही, खालच्या सीटच्या गाडीत नाही,” ताई म्हणाल्या. “मी त्याले विचारलं, किती खालच्या? आणि हे दाखवलं.”

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक गाडी होती, परदेशी, जमिनीला चिकटलेली, वरून कोणी हात ठेवून दाबल्यासारखी.

“मग काय म्हणाले डॉक्टर?”

“हसला. म्हणे, आई, ह्याच्यात तर मीच नाही बसू शकत. ऑपरेशननंतर विसरा.” ताईंनी मोबाइल उलटा ठेवला. “अनघा, तुझी यादी ठीक आहे. पण माझं एकच काम आहे. डिसेंबरच्या आधी मले असल्या एका गाडीत बसायचं आहे. एकदा. मंग पुढं आयुष्यभर उंच खुर्चीवर बसतो.”

मी पेन उचललं आणि यादीत शेवटी ती ओळ लिहिली. लिहिताना माझा तिच्यावर विश्वास नव्हता, हे खरं.

रविवार, फोर-लेनच्या कडेला

ताईंचा हा नाद नोकरीतून आला. तिगावच्या शाळेत त्या बरीच वर्षं शिकवत होत्या. रोज मोठ्या रस्त्यावर उभं राहून बसची वाट पाहायची आणि बस काही वेळेवर यायची नाही. उभ्या उभ्या त्या येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या ओळखायला लागल्या. आधी ट्रक, मग मोटारी. रस्ता चौपदरी झाला आणि नागपूरचे हौशी लोक रविवारी सकाळी महागड्या गाड्या घेऊन बैतूलच्या बाजूला चहा प्यायला जायला लागले, तेव्हा ताईंचं शिक्षण पुढच्या इयत्तेत गेलं. आता त्या नुसत्या आवाजावरून सांगतात.

तर रविवारी सकाळी आम्ही पाचही जण एका ढाब्यापुढे खुर्च्या टाकून बसलो. पोहे आले, वर चण्याची झणझणीत तर्री. आमच्या पोह्यांवर खोबरं आणि लिंबू असतं. हे पोहे खाल्ल्यावर आमचे पोहे आजाऱ्याला द्यायचे वाटतात.

“ऐक,” ताईंनी हात वर केला. “येऊन राहिली. आठ सिलिंडर आहे. जर्मन.”

मला फक्त ट्रकांचा आवाज येत होता. मी फोन सरसावला. डावीकडून काहीतरी लाल आलं, कानाजवळून वस्त्र फाडल्यासारखा आवाज झाला आणि रस्ता पुन्हा रिकामा. माझ्या फोनमध्ये कडब्यानं भरलेला एक ट्रॅक्टर स्पष्ट आला होता.

“वा,” गजाननभाऊ फोटो पाहून म्हणाले. “वहिनी, ही तर आमच्याकडची लोकल इम्पोर्टेड.”

दुपारपर्यंत अशा चार-पाच गेल्या. एक हिरवी, एक काळी, एक जिचं छप्परच उघडं होतं आणि आतल्या बाईनं ओढणीनं तोंड घट्ट बांधलं होतं. ताई प्रत्येकीचं नाव, देश आणि इंजिन सांगत होत्या. मी टेबलावरच्या कागदी रुमालावर टिपून घेत होते. पण थांबली एकही नाही. इथून पुढे चहाचा थांबा लांब आहे आणि मागचा नागपुरात. ताई थांबलेल्या गाडीची वाट पाहत होत्या आणि गाड्या न थांबण्यासाठीच बनवलेल्या होत्या.

“समोरच्या पंपावर थांबल्या असत्या,” गजाननभाऊंनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तो त्यांचा लाडका पंप. त्यांचे संत्र्यांचे टेम्पो तिथेच भरतात. “इतकं चांगलं पेट्रोल आहे. पण वसंता, तुझ्यासारख्या लोकांनी बदनाम करून ठेवला.”

“मी बदनाम नाही केला. मी फक्त तिथं भरत नाही.”

“बारा महिने पंपासमोरून जाते आणि भरायले सौसरले जाते. ह्याले बदनामी नाही तर काय म्हणते?”

“सौसरच्या पेट्रोलवर गाडी चढ चढते.”

“इथं चढ आहे कुठी?”

पोळ्यानंतर दरवर्षी नदीच्या दोन काठांची एकमेकांवर दगडफेक व्हायची इथली जुनी रीत आहे; त्यात हा अलीकडचा आणि तो पलीकडचा, तेव्हा हे दोघे भांडायचेच असं गावानं गृहीत धरलेलं आहे. ताईंनी चहा संपवला आणि म्हणाल्या, “दोन्हीकडं एकाच डेपोचा टँकर येते.” यावर मात्र दोघं एकत्र येऊन त्यांच्यावर तुटून पडले.

सोमवार, मोहगावजवळची बाग

गजाननभाऊंनी मोहगावच्या बाजूला आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाला पिकणारी, एक बाग विकत घेतली होती आणि तोड चालू होती. झाडांखाली ताडपत्र्या पसरलेल्या, बायका फळं निवडून क्रेटमध्ये भरत होत्या. आम्ही घरी संत्री डझनावर आणतो आणि साल सोलताना जपून सोलतो. इथे उभ्या उभ्या किती खाल्ली ते कोणी विचारत नाही, उलट कमी खाल्ली तर विचारतात. ताई एका उपड्या क्रेटवर बसल्या. मी लगेच मोजपट्टी लावून पाहिली. उंची त्यांच्या गुडघ्यांना अगदी बरोबर होती. दोन रिकामे क्रेट मी घरासाठी मागून घेतले.

तिथेच परीक्षेची कल्पना निघाली. पेट्रोल तपासायचा एक सोपा प्रकार आहे: नळीचं तोंड पुसून गाळणकागदावर एक थेंब टाकायचा. थेंब वाळल्यावर काळपट डाग राहिला तर भेसळ. फिकट गुलाबी झाक राहिली तर तो पेट्रोलचा मूळ रंग, काळजीचं कारण नाही. भाऊजी असे कागद गाडीत ठेवतात, जसे दुसरे लोक तोंड पुसायचे रुमाल ठेवतात.

मी म्हटलं, रोज बोलण्यापेक्षा एकदा करून टाका. आम्ही परतताना आधी सौसरच्या पंपावर थांबलो, मग फोर-लेनवरच्या आणि शेवटी श्रीकांतचं महागातलं मिळतं तिथे. तिन्हीकडे एकेक थेंब घेतला. मी प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात खूण केली, घरी आल्यावर कागद पिसले आणि ओट्यावर मांडले.

“आता ओळखा आपापलं.”

तिघंही वाकले. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. श्रीकांतनं कागद उजेडाला धरला. गजाननभाऊंनी वास घेतला.

“हे सौसरचं,” भाऊजींनी एकावर बोट ठेवलं. “पाहा कसं साफ आहे. डाग म्हणून नाही.”

“छट. हे माझं,” श्रीकांत त्याच कागदाबद्दल म्हणाला.

“तो माझा आहे,” गजाननभाऊ म्हणाले. “डोळे मिटून सांगतो.”

मी कागद उलटला. तो खरोखर गजाननभाऊंच्या पंपाचा निघाला. मात्र उरलेले दोन कागद पुढे सरकवून मी विचारलं की मग सौसरचं कोणतं, तर तिघांनीही चुकीचं सांगितलं. तिन्ही कागद सारखे गुलाबी आणि सारखे स्वच्छ होते.

“कागद दमट आहेत,” भाऊजींनी निकाल दिला.

“हाव न,” गजाननभाऊंना हसू आवरत नव्हतं. “आणि माझा तेवढा कोरडा.”

“अजी, तुक्का लागला तुमचा,” भाऊजी म्हणाले. “तीस वर्षं गाडी चालवून राहिलो मी. मेलो तरी त्या पंपाचं पेट्रोल चांगलं आहे असं माझ्या तोंडून निघणार नाही.”

हे वाक्य ताईंनी आतून ऐकलं आणि म्हणाल्या, “अनघा, लिहून ठेव.” मी काही लिहिलं नाही. पण सगळ्यांच्या ते लक्षात राहिलं.

मंगळवार, जामसावळी

आमचा शेवटचा पूर्ण दिवस. न्हाणीघरात दांडा लागला होता, सतरंज्या माळ्यावर गेल्या होत्या, दाराच्या उंबऱ्याला लाकडी उतार बसला होता. यादीत ताईंची ती एक ओळ तेवढी उघडी होती. गजाननभाऊ बागेत माल भरायला टेम्पो घेऊन निघाले होते. आम्ही चहा पीत होतो. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला.

जामसावळीच्या मारुतीला मंगळवारी आणि शनिवारी नवीन गाड्या पूजेला येतात. पुण्यात नवीन गाडीला शोरूममध्येच हार घालून पेढा हातात देतात. इथे गाडी आधी मारुतीला दाखवायची, मग घरी न्यायची. तिथल्या एका नारळवाल्या बाईंकडे ताईंनी आपला नंबर देऊन ठेवला होता. वेगळी गाडी दिसली की कळवायचं.

“मॅडम,” फोनमधला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, “चपटी आली. पिवळी. एकदम चपटी. लवकर या, पूजेची लाइन मोठी आहे तोवर.”

भाऊजींची गाडी मी इतक्या वेगानं चालताना पाहिली नव्हती. पेट्रोलचा काटा तळाशी होता. शनिवारी भरलेलं रोजच्या फेऱ्यांत संपलं होतं आणि काल सौसरच्या पंपावर परीक्षेच्या नादात टाकी भरायची राहिली होती; आज ते तसेही तिकडे भरायला जाणारच होते. वाटेत गजाननभाऊंना फोन करून टेम्पो तिकडेच आणायला सांगितला.

देवळापुढच्या मैदानात झेंडूच्या माळा घातलेले ट्रॅक्टर, फटफट्या आणि साध्या मोटारी ओळीनं उभ्या होत्या. त्यांच्या मधोमध पिकल्या लिंबाच्या रंगाची ती गाडी. आजूबाजूच्या ट्रॅक्टरांच्या चाकांपेक्षा तिचं छप्पर खाली होतं. ताई माझ्या हाताला धरून चालत होत्या. गाडी दिसली आणि त्यांनी हात सोडला.

मालक नागपूरचा, तिशीतला, नाव निखिल. बरोबर त्याची आई आणि मागे एका मोठ्या उंच गाडीत बाकीचं घर. त्यानं ही गाडी थेट घरी न्यायची ठरवली होती, पण आईनं जामसावळीशिवाय चाक हलू देणार नाही म्हटलं होतं. पूजा सांगणाऱ्या महाराजांनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि म्हणाले, “बोनेट उघडा. इंजिनवर स्वस्तिक काढायचं.”

निखिलनं पुढचं झाकण उघडलं. आत रिकामा डबा. घडी केलेली एक कापडी पिशवी आणि बाकी काही नाही. गर्दी पुढे सरकली.

“अबे, इंजिनच नाही!”

“कंपनीनं टाकलंच नाही का?”

“तुम्ही रसीद पाहिली होती का, भाऊ?”

निखिलची आई कपाळाला हात लावून उभी राहिली. महाराज कुंकवाची वाटी धरून थांबले.

“इंजिन मागे आहे, महाराज,” ताईंचा शाळेतला आवाज मैदानभर गेला. “सीटच्या मागे, काचेखाली. दहा सिलिंडर आहेत. ह्या गाडीत पुढे सामान ठेवतात.”

सगळे त्यांच्याकडे वळले. निखिल हसला. “मावशी, तुमच्याकडे आहे का ही?”

“माझ्याकडे गुडघे नाहीत, गाडी कुठची.”

महाराजांनी मागे जाऊन काचेवर स्वस्तिक काढलं. पूजा झाली. निखिल आईला बसवून निघाला आणि मैदानाच्या दाराशी गतिरोधकावर गाडी अडली. पुढचा ओठ सिमेंटला घासला, असा आवाज झाला की ताईंनी डोळे मिटून घेतले. येताना कशीबशी तिरकी चढवली होती. आता समोरून फटफट्या आणि मागून ट्रॅक्टर, तिरकी घ्यायला जागा नाही.

“थांबवा!” गजाननभाऊ टेम्पोतून उतरत ओरडले. “फळ्या आहेत माझ्याकडं.”

माल चढवायच्या दोन लांब फळ्या त्यांनी आणि श्रीकांतनं उतरवल्या. ताई रस्त्यात उभ्या राहून सूचना देत होत्या: डावी अजून आत, पुढचं चाक सरळ, हळू, हळू. गाडी फळ्यांवरून मुंगीसारखी चढली आणि पलीकडे उतरली. मैदानातून टाळ्या पडल्या.

दार उघडलं आणि आतून आधी निखिलच्या आईचा हात आला. “ओढ मले बाहेर, माय. कंबर गेली माझी. देवानं दिली, देवाले पावली. आता मी त्या मोठ्या गाडीत बसून जातो.” आणि त्या खरोखर मागच्या उंच गाडीत जाऊन बसल्या.

निखिलनं गजाननभाऊंचे हात हातात घेतले. “काका, तुमचे उपकार. काय करू तुमच्यासाठी?”

गजाननभाऊंनी ताईंकडे पाहिलं.

“बसायचं आहे, मावशी?” निखिल म्हणाला. “बसा न. पेट्रोल भरायलाच निघालो आहे. पंपापर्यंत चला.”

ताईंनी आधी चपला काढल्या. पूजा झालेल्या गाडीत चपला घालून कसं बसायचं, म्हणून. मी त्या पिशवीत टाकल्या. मग मी एका बाजूनं आणि श्रीकांत दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना खाली सोडायला लागलो. सीट येईचना. अजून खाली, अजून खाली. शेवटी धप्प आवाज झाला आणि आतून ताई म्हणाल्या, “पोचली.”

निखिल बसायला निघाला आणि थांबला. “काका, इथे चांगलं पेट्रोल कुठे मिळेल? ह्या गाडीला साधं-सुधं चालत नाही. सौसर जवळ आहे न?”

सौसर तिथून इतकं जवळ की पट्टा लावेपर्यंत पंप येतो. आणि हा प्रश्न भाऊजींना विचारला होता. तीस वर्षं कोणीतरी विचारावा म्हणून ते थांबले होते.

श्रीकांतनं महागाच्या पेट्रोलबद्दल तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

भाऊजींनी गाडीत पाहिलं. ताई दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होत्या, फोटोला बसल्यासारख्या.

“सौसरले नका जाऊ,” भाऊजी म्हणाले. “पांढुर्ण्याले जा. फोर-लेनवरचा पंप. पेट्रोल चांगलं आहे तिथलं. थोडं लांब पडते, पण तिथून नागपूरपर्यंत सरळ रस्ता आहे, तुमची गाडी घासणार नाही.”

गजाननभाऊंच्या हातातली फळी खाली पडली.

“नक्की चांगलं आहे न, काका?”

“एक नंबर,” भाऊजी म्हणाले. “कागदावर तपासलं आहे आम्ही. कालच.”

पिवळी गाडी निघाली. आवाज आमच्या छातीत घुमला आणि वळणापलीकडे गेला. त्यांच्या मागे मोठी गाडी, तिच्या मागे आम्ही, सगळ्यांत मागे गजाननभाऊंचा टेम्पो. भाऊजींच्या गाडीचा काटा आता लाल रेषेखाली होता.

“भाऊजी,” मी म्हटलं, “सौसरचा पंप...”

“वहिनी, सौसरले नेलं असतं तर बसत नाही तोच उतरावं लागलं असतं तिले.” त्यांनी आरशात पाहिलं, मागून येणाऱ्या टेम्पोकडे. “आता तो आयुष्यभर छळणार आहे मले. छळू दे.”

दोन्ही बाजूंना कापसाची शेतं होती, बोंडं फुटून पांढरी झालेली. मध्येच रस्त्याच्या कडेला एक बैलगाडी उभी होती आणि गाडीवान उभा राहून पांढुर्ण्याच्या दिशेनं पाहत होता. चपटी तिथून गेली होती हे आम्हाला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

पंपावर पोचलो तर पिवळ्या गाडीभोवती कडं पडलं होतं. ताई आतच होत्या, कारण बाहेर येता येत नव्हतं. वरून ओढावं तर गुडघे वाकलेले, ढकलावं तर जागा नाही. मी टेम्पोतून एक रिकामा क्रेट मागवला, उपडा करून दाराशी ठेवला. ताई सीटवरून सरकून क्रेटवर आल्या, क्रेटवरून उभ्या राहिल्या. मी चपला पुढे ठेवल्या.

“कसं वाटलं?” भाऊजींनी विचारलं.

ताईंनी चपला पायात सरकवल्या. “रस्ता इतका जवळून कधी पाहिला नव्हता. बैलगाडी गेली तर मले बैलाचे खूरच दिसले. आणि एका मोकळ्या ठिकाणी त्यानं पाय दाबला.” त्यांनी छातीवर हात ठेवला. “वसंता, मी ओरडली. वर्गावर कधी ओरडली नाही इतकी.”

चारचौघांत नवऱ्याला त्यांनी नावानं हाक मारलेली मी प्रथमच ऐकली.

निखिलची टाकी भरली. गजाननभाऊंनी गाडीचं पुढचं झाकण उघडायला लावलं आणि त्या रिकाम्या डब्यात संत्री ओतली, वर झाकण बसेना इतकी. निखिलनं मला नंबर दिला. “नागपूरला आलात की सांगा, मावशींना परत फिरवतो,” म्हणाला. ताईंनी हसून मान हलवली. डिसेंबराबद्दल त्याला कोणी सांगितलं नाही.

तो गेल्यावर गजाननभाऊ हाताची घडी घालून भाऊजींच्या गाडीला टेकले. “चला वसंतराव. तुमचीही टाकी रिकामी आहे. एक नंबर पेट्रोल आहे इथं. कागद काढू का?”

सगळा पंप पाहत होता. भाऊजी गाडीकडे गेले, झाकण उघडलं, नळी धरलेल्या माणसाजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, “सौसरपर्यंत पोचेल एवढंच टाक.”

बुधवार आणि त्यानंतर

परत निघताना बॅगांचं वजन संत्र्यांनी दुप्पट झालं होतं. उंच बैठक तिथेच राहिली, तिच्या जागी माझ्या उशाशी सांभारवड्यांचा, म्हणजे इकडच्या कोथिंबीर भरलेल्या वड्यांचा, डबा आला.

शस्त्रक्रिया होऊन ताई आता काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. खुर्ची उंच आहे, दांडा पक्का आहे, क्रेट अंगणात आहे. त्यावर बसून त्या गाड्यांचे आवाज ओळखतात. माझ्या यादीतल्या सगळ्या ओळी खोडून झाल्या. एक सोडून.

निखिलला फोन करून विचारायचं आहे की गाडी त्या पेट्रोलवर कशी चालली. ही ओळ गजाननभाऊंनी माझ्याकडून लिहून घेतली आणि दर आठवड्याला ते आठवण करतात. भाऊजी म्हणतात, घाई कायले. श्रीकांत म्हणतो, विचारून टाक. ताईंना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, “राहू दे ती ओळ. तो ‘चांगली’ म्हणाला तर ह्यांना खरंच तिथं भरावं लागेल. ‘खराब’ म्हणाला तर मले त्या दिवसाबद्दल ते ऐकायचं नाही.”

नंबर माझ्याकडे आहे. फोन अजून केलेला नाही.